दोघांना घरी ठेवून या : १९५१ सालच्या एका फुटबॉल हंगामाविषयी



नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही शिक्षक मंडळी उदाहरणं फार सोयीची घेतो. भरधाव ट्रॉली येते आहे, रुळावर पाच माणसं बांधलेली आहेत, तुमच्या हातात खटका आहे, ओढाल का? गेली पन्नास वर्षं हे चाललं आहे. त्या उदाहरणात एक गोष्ट कधीच नसते. रुळावरच्या माणसांबरोबर तुम्ही काल संध्याकाळी जेवलेले नसता आणि उद्या सकाळी त्यांच्याबरोबर मैदानावर पळायला जायचं नसतं. खरे नैतिक प्रसंग बहुधा अशाच माणसांच्या बाबतीत येतात. म्हणून आज मी एक घडलेला प्रसंग घेऊन आलो आहे. अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघाचा एक हंगाम, साल १९५१. संघ सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा. संघाचं नाव 'डॉन्स'.

आधी खेळाचं थोडं सांगितलं पाहिजे, कारण आपण फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल. अंडाकृती चेंडू, शंभर यार्डांचं मैदान, अकरा विरुद्ध अकरा. चेंडू हातात घेऊन समोरच्यांच्या भिंतीतून पळत सुटायचं, किंवा पुढे फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकला नाहीत तर चेंडू प्रतिपक्षाकडे. आपल्या कबड्डीतली चढाई आणि आखाड्यातली धरपकड एकत्र केली तर साधारण कल्पना येईल. यात एकटा माणूस काही करू शकत नाही. जो पळतो त्याच्यासाठी दहा जण अंगावर मार घेऊन वाट मोकळी करतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ हे जेझुइट पाद्र्यांचे, टेकडीवरचे, लहानसे विद्यापीठ. मोठमोठ्या सरकारी विद्यापीठांच्या मानाने पैसा बेताचा. प्रशिक्षक जो कुहारिच हा कडक शिस्तीचा माणूस. हंगामापूर्वी त्याने पोरांना उत्तर कॅलिफोर्नियातल्या कॉर्निंग या गावी नेले आणि उन्हातान्हात, धुळीत असे काही राबवले, की पुढे म्हातारपणीही ती मंडळी त्या शिबिराच्या आठवणी काढत. संघात गोरी मुले होती. बरीचशी कष्टकरी घरांतली, इटालियन वगैरे स्थलांतरितांची. जीनो मार्चेटी हा त्यांतला एक. तो तर दुसरे महायुद्ध लढून आलेला होता. आणि दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते : टेक्सासात जन्मलेला ऑली मॅटसन आणि टेनेसीतल्या मेम्फिसचा बर्ल टोलर. दोघेही आधी सॅन फ्रान्सिस्कोच्याच सिटी कॉलेजमधून एकत्र खेळलेले.

या संघाची प्रसिद्धी करणारा, म्हणजे वर्तमानपत्रांना बातम्या पाठवणारा विशीतला एक तरुण होता, पीट रोझेल. हे नावही लक्षात ठेवा.

हंगाम मी भरभर सांगतो. नऊ सामने, नऊ विजय. मॅटसन त्या वर्षी धावून यार्ड कमावण्यात देशात पहिला आला : १,५६६ यार्ड, आणि एकवीस टचडाऊन, म्हणजे चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडणं. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डमशी खेळले तो सामना सर्वांत चुरशीचा, ३२-२६. त्यात मॅटसनने प्रतिपक्षाने लाथाडून दिलेला चेंडू आपल्या टोकाला झेलून थेट दुसऱ्या टोकापर्यंत नेण्याचा पराक्रम दोनदा केला. एकदा ९४ यार्ड, एकदा ९०. नोव्हेंबरात पॅसिफिक कॉलेजला ४७-१४ असं धुतलं. शेवटी लॉस एंजेलिसच्या लॉयोलाला २०-२. हंगामाअखेर वृत्तसंस्थेच्या राष्ट्रीय क्रमवारीत संघ चौदावा. देशात सर्वाधिक धावणारा मॅटसन मात्र वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या, हाइसमन पारितोषिकाच्या मतदानात नववा. असो.

आता 'बोल' म्हणजे काय ते. नियमित हंगाम संपला, की नववर्षाच्या सुमारास निवडक संघांना खास सामन्यांचं आमंत्रण येतं. शुगर बोल न्यू ऑर्लीन्सला, ऑरेंज बोल मायामीला, गेटर बोल जॅक्सनव्हिलला. हे सामने त्या त्या शहरातल्या प्रतिष्ठितांच्या समित्या भरवत. हॉटेलं भरतात, प्रवासी येतात, कॉलेजांना घसघशीत रक्कम मिळते. आमंत्रण कुणाला द्यायचं हे समितीच्या मर्जीवर. आणि मी सांगितलेली तिन्ही शहरं दक्षिणेत आहेत. १९५१ ची दक्षिण म्हणजे बसमध्ये, शाळेत, उपाहारगृहात, पाण्याच्या नळावर गोरे-काळे वेगळे करणारी दक्षिण.

पण इथे एक बारकावा आहे. खेळाच्या मैदानावरचा भेद बराचसा अलिखित होता. त्याला नाव मोठं झोकदार होतं : 'सभ्य गृहस्थांचा समझोता'. उत्तरेकडचा संघ दक्षिणेच्या संघाशी खेळणार असला, की त्याने आपला कृष्णवर्णीय खेळाडू आपणहून घरी ठेवायचा. कुणी कुणाला पत्र लिहायचं नाही, वाद घालायचा नाही. १९४० साली न्यूयॉर्क विद्यापीठाने आपल्या लेनर्ड बेट्स या खेळाडूला असंच मागे ठेवून संघ मिझुरीला पाठवला. विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली, आणि पुढच्या वर्षी त्यांतल्या सात जणांना विद्यापीठानेच निलंबित केलं. म्हणजे अट घालणारा दूर राहिला, आणि शिक्षा घरच्यांनी घरच्यांना केली. ही व्यवस्था किती हुशारीची आहे बघा.

आणि जिथे कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरत होता तिथे काय होत होतं? त्याच हंगामात, २० ऑक्टोबर १९५१ ला, ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरला ड्रेक विद्यापीठाच्या जॉनी ब्राइटला चेंडू त्याच्या हातात नसताना प्रतिस्पर्ध्याने ठोसे मारून त्याचा जबडा मोडला. डे मॉइनच्या वर्तमानपत्राच्या दोन छायाचित्रकारांनी तो प्रकार टिपला आणि त्यांना पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. मारणाऱ्याला कुणी शिक्षा केली नाही. यजमान विद्यापीठाने माफी मागितली ती २००५ साली. ब्राइट तोवर हयात नव्हता.

तेव्हा नोव्हेंबर १९५१. नऊपैकी नऊ जिंकलेला संघ आमंत्रणाची वाट पाहतो आहे. विद्यापीठाचा फुटबॉल तोट्यात चाललेला, हे पोरांनाही ठाऊक होतं. बोलचा पैसा आला तर खेळ वाचेल असं वाटत होतं. आणि मग, त्या खेळाडूंनी पुढे वारंवार सांगितलं त्याप्रमाणे, कुहारिचने त्यांच्यापुढे गोष्ट ठेवली. बोलला जाता येईल, पण मॅटसन आणि टोलर यांना सोडून.

उत्तर नाही असं आलं. संघ गेला नाही.

या उत्तरात मला, तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून, सर्वांत लक्षणीय वाटतं ते हे, की खेळाडूंच्या आठवणींत मतदानाला जागाच नाही. हात वर झाले, बाजू मांडल्या गेल्या, अल्पमत-बहुमत झालं, असं काही नाही. त्यांचं सांगणं एवढंच, की विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. आता आमच्यातला कांटवादी अस्वस्थ होईल. विचार नाही? मग तत्त्व कुठून आलं? कर्तव्याची जाणीव कुठे आहे? मला वाटतं इथे ॲरिस्टॉटल अधिक उपयोगी पडतो. त्याच्या मते सद्गुण ही सवयीने अंगी बाणलेली वृत्ती असते, आणि निवड त्या वृत्तीतून होते. कॉर्निंगच्या धुळीत जे दोन महिने... नाही, दोन महिने म्हणणं जास्त होईल, जे दिवस काढले, तिथे हा निर्णय बराचसा होऊन गेला होता. मॅटसनसाठी वाट मोकळी करायला जो रोज खांद्याने धडक देतो, त्याला 'मॅटसनला सोडून' हे शब्दच नीट कळत नाहीत.

पण मी ही गोष्ट इतक्या सहजपणे सोडणार नाही. कारण प्रतिपक्षाचा युक्तिवाद पोकळ नव्हता, आणि पोकळ युक्तिवाद हरवण्यात काही मजा नाही. समजा त्या खोलीत एखादा शहाणा माणूस बसला असता. तो म्हणाला असता : अरे, तुम्ही बाकीचे तीसेक जण आहात. तुमच्यापैकी बहुतेकांना आयुष्यात पुन्हा असा सामना मिळणार नाही. तुम्ही गेलात तर पैसा येईल, संघ टिकेल, पुढच्या वर्षी आणखी चार कृष्णवर्णीय मुलांना इथे शिष्यवृत्ती मिळेल. तुम्ही न गेल्याने मायामीतली एक तरी पाटी खाली येणार आहे का? नाही ना? मग हा हट्ट कुणासाठी? उपयुक्ततावादाच्या वहीत हा हिशेब मांडलात तर तो बरोबर येतो. निदान चूक कुठे आहे हे चटकन सापडत नाही.

दुसरा एक युक्तिवाद याहून अवघड. समजा मॅटसन आणि टोलर यांनीच म्हटलं असतं, की जा बाबांनो, आमच्यामुळे तुम्ही अडू नका. मग? ज्यांच्यावर अन्याय होतो आहे त्यांचीच संमती आहे, आता तरी जायला हरकत कसली?

मला वाटतं, इथे मागणी नेमकी कशाची होती ते पाहायला हवं. समिती 'तुमचा संघ नको' असं म्हणत नव्हती. तसं म्हणाली असती तर तो तिचा अन्याय, तिच्या माथी. ती म्हणत होती, 'तुम्ही त्यांना वगळा'. वगळण्याचं काम पोरांच्या हातून करवून घ्यायचं होतं. म्हणजे यादीतून नाव खोडायचं ते कुहारिचने, विमानात चढताना टोलरच्या नजरेला नजर न देण्याची कसरत करायची ती मार्चेटीने, आणि समिती मात्र पाहुण्यांच्या स्वागताला पुष्पगुच्छ घेऊन उभी. 'सभ्य गृहस्थांचा समझोता' सभ्य राहतो तो असा. हात मळतात ते दुसऱ्याचे. त्या दोघांनी 'जा' म्हटलं असतं तरी ही विभागणी बदलत नव्हती. उलट आपल्याला वगळण्याच्या कामात त्या दोघांनाही भागीदार करून घेतलं गेलं असतं. नकाराने पाटी खाली आली नाही हे खरं. पण अन्याय ज्याचा होता त्याच्याच दारात तो राहिला, कॅलिफोर्नियात आला नाही.

इथे आपल्याकडचा एक जुना वाद मला आठवतो. नैयायिक म्हणतात, अवयवी हा अवयवांहून वेगळा असतो. घट म्हणजे दोन खापरांची नुसती बेरीज नव्हे. बौद्ध म्हणतात, छे! 'मिलिंदपञ्ह'त नागसेन राजाला विचारतो, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, आणि शेवटी रथ हे केवळ व्यवहाराचं नाव ठरतं. बोल समितीची भूमिका, बौद्धांची क्षमा मागून म्हणतो, रथ हे नुसतं नाव आहे अशी होती. सुटे भाग घ्या, दोन काढा, नाव तेच ठेवा, रथ चालेल. पोरांची भूमिका नैयायिकाची : दोघांना काढल्यावर जे उरेल ते 'डॉन्स' नसेल, आणि आमंत्रण तर डॉन्सना आहे. नागसेन स्वतः ही भूमिका घेणार नाही याची मला खात्री आहे. ज्याला 'मी'च सापडत नाही तो दुसऱ्याला कशाच्या जोरावर वगळणार? पण तो विषय वेगळ्या व्याख्यानाचा आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर चित्र एकांगी होईल. ज्यांना हा संघ नको होता त्यांच्या हाती एक सभ्य कारणही होतं : वेळापत्रक दुबळं आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. नऊ सामन्यांत सॅन होजेशी दोनदा खेळले, दोन सामने लष्करी तळांच्या संघांशी. मोठ्या विद्यापीठांपैकी कुणीच नाही. म्हणजे कुणी म्हणू शकला असता, की वर्णाचा काही संबंधच नाही, आम्ही गुणवत्ता पाहतो. भेदभाव करणाऱ्याला असं एक खरं कारण नेहमी जवळ लागतं. ते खरं असतं म्हणूनच कामाला येतं. मग ओळखायचं कसं? एक कसोटी सोपी आहे : अट कशाने पूर्ण होणार आहे ते पाहा. वेळापत्रक दुबळं असेल, तर दोन माणसं घरी ठेवल्याने ते सबळ कसं होतं?

आपल्याकडे खेळात याहून वेगळं काही होत नव्हतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. बाळू पालवणकर हे आपल्या देशाचे पहिले थोर गोलंदाज. चर्मकार समाजातले. पुण्यात हिंदूंच्या क्लबाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. इंग्लंडच्या १९११ च्या दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आलं नाही. आणि १९२० साली मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत, कर्णधार आजारी पडल्यावर त्यांचे बंधू विठ्ठल यांना डावललं गेलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ संघातून बाहेर पडले, आणि का पडलो ते त्यांनी जाहीरपणे सांगितलं. बाकीचा संघ खेळायला उतरला. लगेच अंतिम सामन्यात तडजोड झाली, बाळू उपकर्णधार झाले, भाऊ परत आले. आणि १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले, स्पर्धा जिंकली. हा विजय मोठाच. पण दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. मुंबईत नकार द्यावा लागला तो ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना. सॅन फ्रान्सिस्कोत मॅटसन आणि टोलर यांना तोंड उघडण्याची वेळ आली नाही. ते काम बाकीच्यांनी केलं. अपमानही सोसायचा आणि निषेधही आपणच करायचा, हा दुहेरी भार असतो, आणि तो कुणी वाटून घेतला तर त्याची किंमत काय, हे विठ्ठल यांना कुणापेक्षाही चांगलं सांगता आलं असतं.

पुढे काय झालं ते सांगतो. विद्यापीठाने तो हंगाम संपताच या पातळीवरचा फुटबॉल बंद केला. तोटा झेपत नव्हता. म्हणजे शहाण्या माणसाने वर्तवलेलं भाकीत खरं ठरलं. देशातल्या उत्तम संघांपैकी एक संघ नऊ विजयांनंतर मोडला. काही मुलं दुसऱ्या कॉलेजांत गेली. मात्र मॅटसन, मार्चेटी आणि बॉब सेंट क्लेअर हे तिघे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेले. एका कॉलेजच्या एकाच संघातले तीन!

मॅटसन १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकलाही गेला. ४०० मीटरमध्ये कांस्य, रिलेमध्ये रौप्य. हेलसिंकी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर दुसरं नाव आलं असेल. त्याच ऑलिंपिकात आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, आणि त्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं होतं.

टोलरचं नशीब खडतर. १९५२ च्या उन्हाळ्यात एका प्रदर्शनीय सामन्यात गुडघा मोडला, व्यावसायिक खेळ सुरू होण्याआधीच संपला. तो शिक्षक झाला, पुढे सॅन फ्रान्सिस्कोत माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक झाला. १९६५ साली तो व्यावसायिक फुटबॉल लीगचा पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. लीगचा आयुक्त तेव्हा होता पीट रोझेल, तोच बातम्या पाठवणारा तरुण. १९८० च्या सुपर बोलमध्ये टोलर पंच म्हणून उभा होता. जो एका बोलला जाऊ शकला नव्हता तो त्याहून मोठ्या बोलमध्ये नियम सांगत होता.

त्या विद्यापीठात एक वसतिगृह आहे. त्याला नाव होतं जेम्स फेलन यांचं. हे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर, नंतर सिनेटर. आशियाई लोकांना बाहेर ठेवा म्हणणारे; १९२० च्या निवडणुकीत त्यांची घोषणाच होती 'कॅलिफोर्निया गोरा ठेवा'. १९५१ ची पोरं मैदानावर नऊ सामने जिंकत होती तेव्हा फेलन यांना त्या शहरात मोठा मान होता. विद्यार्थ्यांनी मागणी लावून धरली आणि २०१७ साली ते नाव काढण्यात आलं. आता त्या इमारतीवर बर्ल टोलर यांचं नाव आहे.

आता प्रश्न घेऊ.